पहाटे आल्वोराद, संध्याकाळी मॅच

(दृश्य: अंधार. एका टॉर्चचा उजेड पितळेवरून सरकतो.)

पहाटेचे पाच. दक्षिण गोव्यातल्या साष्टीच्या या वाड्यावर अजून कोंबडाही आरवलेला नाही. आणि हा पहिला सूर.

फेस्ताच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या सणाच्या, दिवशी उजाडायच्या आधी बँड वाड्यावाड्यातून वाजत जातो. त्याला आल्वोराद म्हणतात. नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, संपली, काल संध्याकाळी वेस्पर, म्हणजे सणाच्या आदल्या संध्याकाळची प्रार्थना, झालं, आज फेस्त. एकेका घरात दिवा लागतो, दार उघडतं, कुणी बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन नुसतं उभं राहतं. हे चेहरे बघा.

डावीकडून तिसरा, ट्रम्पेटवर, तो मी. फोंड्याहून स्कूटरनं आलोय. आठवडाभर नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी दोनच गोष्टी: बँड आणि फुटबॉल. गावात जात्रा असो, शिगम्याची मिरवणूक असो की साष्टीतलं फेस्त, बोलावणं आलं की आम्ही निघतो.

(दृश्य: ट्रम्पेट, अगदी जवळून.)

आता कॅमेरा जवळ आहे, तर हे वाद्य नीट बघून घ्या. तीन पिस्टन. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिला दाबला की एका स्वरानं, तिसरा दाबला की दीड स्वरानं. बोटांचं काम एवढंच. बाकी सगळं ओठांवर. एकही पिस्टन न दाबता याच नळीतून खालचा, मधला, वरचा असे कितीतरी सूर निघतात, ते केवळ ओठ किती आवळले आणि वारा कसा सोडला यावर. म्हणून मेस्त, म्हणजे आमचे संगीताचे गुरुजी, नव्या मुलाच्या हातात आधी ट्रम्पेट देत नाहीत. नुसता माउथपीस देतात. महिनाभर त्यातच फुंकायचं, भुंग्यासारखा आवाज येईपर्यंत.

पावसाळ्यात हे पितळ फार जपावं लागतं. दमट हवेनं पिस्टन अडकतात. बाहेर काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि ज्याचा त्याला परत घालायचे. प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो. एका वेस्परला घाईघाईत माझ्या हातून पहिला आणि तिसरा यांची अदलाबदल झाली. फुंकतोय, पण वारा पुढे जाईना. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर बँड उभा, मी मात्र गप्प. मेस्तांनी हातातलं वाद्य घेतलं, झाकणं उघडली, आकडे बघून पिस्टन बदलले आणि एवढंच म्हणाले, "पुता, सवकास." म्हणजे, बाळा, सावकाश. तेव्हापासून आकडा वाचल्याशिवाय मी पिस्टन आत सोडलेला नाही.

(दृश्य: मेस्तांचा हात. पाच रेघांचा कागद, काळी शाई.)

हे या फिल्ममधलं माझं सगळ्यात आवडतं दृश्य. मेस्त नोटेशन लिहितायत. ट्रम्पेटवाल्याच्या कागदावर जो 'सी' असतो, तो ऐकू येतो 'बी फ्लॅट'. ऑल्टो सॅक्सोफोनवर तोच 'सी' निघतो 'ई फ्लॅट' म्हणून. त्यामुळे एकच चाल प्रत्येक वाद्यासाठी वेगळी लिहावी लागते. एक मार्च बसवायचा तर इतकी पानं, सगळी हातानं.

ही विद्या गोव्यात इगर्जीच्या शाळेतून आली. तिथला मेस्त कापेला, म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं गाऊन, म्हणायला लावायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. तिथे शिकलेली पोरं मुंबईला गेली. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हियर वाझ तिथे 'चिक चॉकलेट' या नावानं ओळखले जाऊ लागले, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले, दोघेही ट्रम्पेटवाले. कागद समोर ठेवला की वाजवून मोकळे, म्हणून संगीतकारांना ते हवे असायचे.

आणि फुटबॉलही शाळेच्याच वाटेनं आला. १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो पोरांना शिकवला. चेंडू आणि नोटेशन एकाच अंगणात वाढले, असं मी मानतो.

(दृश्य: कापणी झालेलं शेत, बांबूचे गोलपोस्ट. गोल. लगेच ट्रम्पेट.)

फेस्ताच्या संध्याकाळची मॅच. भात कापलं की हेच आमचं मैदान. धसकटं पायाला टोचतात, चेंडू वाकडातिकडा उडतो. गोल झाला की बँड सुरू. गोल कुणाचाही असो.

मोठ्या टीमचं म्हणाल, तर माझं मन साळगावकर क्लबमध्ये अडकलं ते गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांमुळे. १९८४ मध्ये ते कप्तान असताना गोव्यानं एकही गोल न खाता संतोष ट्रॉफी ही राज्यांची स्पर्धा जिंकली. १९९८-९९ ला साळगावकर राष्ट्रीय लीगचा विजेता. मग धेंपो या गोव्याच्याच क्लबचा काळ: २००४-०५ ते २०११-१२ या अवधीत पाच राष्ट्रीय विजेतेपदं. त्या वर्षांत आमच्या घरी रविवारचं जेवण मॅचच्या वेळेवर ठरायचं.

२०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले.

(दृश्य: फातोर्डा स्टेडियम, बाहेरून. नारिंगी जर्सी.)

आता इथे एफसी गोवा या क्लबचे दिवस आहेत. मे २०२५ मध्ये त्यांनी भुवनेश्वरला जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून सुपर कप आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सौदीचा अल नस्र क्लब फातोर्ड्यात आला. १-२ असे हरलो, पण आमचा तो एक गोल गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसचा. धेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला, याचा आनंद मला शब्दात सांगता येणार नाही. त्याच हंगामात गोव्याच्याच चर्चिल क्लबच्या हाती आलेलं विजेतेपद क्रीडा लवादाच्या निकालानं इंटर काशी क्लबकडे गेलं.

(दृश्य: इगर्जीच्या मागची खोली. आठ मुलं, आठ माउथपीस.)

मेस्तांचा वर्ग. ही खिडकीजवळची मुलगी तीन आठवडे नुसती हवाच फुंकत होती. आज बघा. गाल फुगवायचे नाहीत, ओठांचे कोपरे घट्ट, पोटातून वारा. मेस्त हातानं ताल देतायत. थांबा, आवाज वाढवतो.

(निवेदन थांबते. माउथपीसचा आवाज.)

वर्गाला पूर्वी दोन खोल्या लागायच्या.

दर रविवारी साडेचारला वर्ग, पाचला मैदानावर सराव. मुलं अर्ध्यातून चेंडूकडे पळायची. मेस्तांनी परवा वेळ बदलली: वर्ग आता चारला, आणि सरावाच्या शिट्टीआधी सगळ्यांनी माउथपीस नळाखाली धुऊन ठेवायचा.