जेम्स मॅकगिल : फरचा व्यापारी, मिलिशियाचा कर्नल

श्रोते हो, नमस्कार.

कॅनडातलं मॅकगिल विद्यापीठ आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत आहे. ते ज्याच्या देणगीतून उभं राहिलं आणि ज्याच्या नावाचं आहे, त्या जेम्स मॅकगिलविषयी आज बोलायचं आहे.

जेम्सचा जन्म १७४४ सालचा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. घरचा धंदा धातुकामाचा. बाराव्या वर्षी त्याचं नाव ग्लासगो विद्यापीठात दाखल झालं. पुढे तो अमेरिका खंडात आला आणि १७६० च्या दशकात माँट्रियलच्या फर व्यापारात शिरला.

हा व्यापार कसा चाले ते सांगतो, कारण मॅकगिलची सारी श्रीमंती त्यातूनच आली. युरोपात बीव्हर या प्राण्याच्या केसांपासून फेल्टच्या टोप्या होत आणि त्यांना प्रचंड मागणी होती. हा प्राणी मात्र कॅनडाच्या दूरच्या जंगलांत. तिथले मूलनिवासी शिकार करत, कातडी आणून देत आणि बदल्यात घोंगड्या, भांडी, बंदुका, दारू घेत. वसंतात माँट्रियलजवळच्या लाशीनहून भूर्जाच्या सालीच्या लांबच लांब होड्या निघत. जिथे धबधबा आडवा येई तिथे होडी उचलायची, माल पाठीवर घ्यायचा. एकेक गाठोडं सुमारे ४० किलोचं, आणि एक माणूस अशी दोन वाही. विलायतेतून उधारीवर आणलेल्या मालाचे पैसे कातडी पोचून विकली जाईपर्यंत अडकून राहत. ज्याला हा ताण पेलवे, तोच टिके. मॅकगिल टिकला. आयझॅक टॉड या भागीदाराबरोबर त्याने पेढी चालवली. १७७९ च्या नॉर्थ वेस्ट कंपनीत, म्हणजे माँट्रियलच्या फर व्यापाऱ्यांच्या भागीदारीत, सोळा हिश्श्यांपैकी दोन या जोडीचे होते.

१७७५ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या अमेरिकन बंडखोरांचं सैन्य माँट्रियलवर चालून आलं, तेव्हा शरणागतीच्या अटी ठरवणाऱ्या नागरिकांत मॅकगिल होता. पुढच्याच वर्षी त्याने शार्लट या फ्रेंच विधवेशी लग्न केलं. त्याला स्वतःचं मूल झालं नाही. १७९२ मध्ये तो लोअर कॅनडाच्या, म्हणजे आजच्या क्वेबेक भागाच्या, विधानसभेवर निवडून आला.

मॅकगिलच्या घरात गुलाम होते, हेही सांगायलाच हवं. किमान पाच माणसं, कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी; त्यांत लहान मुलंसुद्धा. कॅनडात गुलामगिरी नव्हतीच असा समज पुष्कळ जणांचा असतो, पण ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८३४ मध्ये. मॅकगिलच्या दानाचं मोल मला मोठं वाटतं, आणि म्हणूनच ज्यांच्या राबण्यावर ते घर चाललं त्यांना वगळून त्याची कथा सांगणं मला पटत नाही.

१८१२ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत युद्ध पेटलं. माँट्रियलच्या मिलिशियाची, म्हणजे नागरिकांच्या फौजेची सूत्रं या सत्तरीकडे झुकलेल्या कर्नलकडे होती. १८१३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शातोगे आणि क्रायस्लर्स फार्म इथे अमेरिकन फौजा हरल्या आणि शहरावरचं संकट टळलं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १९ डिसेंबरला, मॅकगिल वारला.

मृत्युपत्र त्याने १८११ मध्येच करून ठेवलं होतं. बर्नसाइड ही ४६ एकरांची वाडी आणि १०,००० पौंड शिक्षणासाठी. अटी दोनच, पण कडक: आपल्या मृत्यूपासून दहा वर्षांत कॉलेज उभं राहिलं पाहिजे आणि त्याला आपलं नाव हवं. १८२१ मध्ये राजाची सनद मिळाली आणि कागदोपत्री कॉलेज मुदतीत स्थापन झालं, पण शार्लटच्या पहिल्या घरच्या वारसांनी दावा लावला आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जमीन हाती आली आणि १८२९ च्या जूनमध्ये बर्नसाइडच्याच घरात कॉलेजचं उद्घाटन झालं. विद्यार्थी कुठून आणायचे? माँट्रियलमध्ये डॉक्टरांनी चालवलेली एक वैद्यकीय शाळा आधीपासून होती. तीच कॉलेजची पहिली विद्याशाखा झाली. १८३३ मध्ये विल्यम लेस्ली लोगी या विद्यार्थ्याला मॅकगिलची पहिली पदवी मिळाली. ती वैद्यकशास्त्राची होती.

नमस्कार.