टाक्यांच्या मागावर

जुन्नर सोडून नाणेघाटाकडे निघालं, की वाटेत चावंड लागतो. पायथ्यातून नुसता उभा कातळ दिसतो. यावर किल्ला आहे, हे वर चढल्याशिवाय पटत नाही.

गड म्हटलं की तट, बुरूज, दरवाजे आठवतात. पण पायी पाहणी करणारा माणूस माथ्यावर पोचला, की आधी पाणी शोधतो. तट ढासळतो. घडीव दगड लोक उचलून नेतात. १८१८ मध्ये तर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्याच सुरुंगाने उडवल्या. कातळात खोदलेलं टाकं मात्र जागचं हलत नाही. चावंडवर अशी सात टाकी एकमेकांशेजारी आहेत. सप्तमातृका टाकी म्हणतात त्यांना.

काठाशी बसून हात फिरवा. छिन्नीचे घाव अजून बोटांना लागतात. वर कातळाचंच छत आणि आत खांब राखले असतील, तर ते खांबटाकं. सावलीतलं पाणी उन्हाळ्यात कमी आटतं. आणि खोदताना निघालेला दगड? तो तटाला, जोत्यांना उपयोगी पडे. म्हणून जवळचा तट बघताना दोन्हीकडचा दगड ताडून पाहायचा.

आता टेप काढायची. समजा, टाकं ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल भरलं. म्हणजे ७२ हजार लिटर पाणी. माणशी रोजचे ५ लिटर धरले, तर पावसाळ्यानंतरचे आठ महिने साठ माणसं त्यावर राहू शकतात. वहीतल्या या एका ओळीतून शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, दिसू लागते. मला तर कुठल्याही बुरुजापेक्षा हा हिशेब गडाच्या जास्त जवळ नेतो.

घरांची जोती शोधायला सकाळ बरी. गवत वाळलेलं असावं आणि ऊन तिरपं. दुपारी सपाट वाटणाऱ्या जागेत तेव्हा चौकोन उमटतात. तरीही काही सापडत नसेल, तर गुरं राखणाऱ्याला विचारावं, “मामा, इकडं पाण्याचं टाकं कुठंय?” नकाशात नसलेली वाट ते हातानेच दाखवतात. खापराचा तुकडा दिसला तर फोटो घ्यायचा, जागा नोंदवायची. उचलायचा नाही. जागेवरून हलला, की त्याची निम्मी साक्ष गेली.

टाक्याचं वय सांगताना घाई नको. जवळच नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण म्हणून या डोंगरांवरचं प्रत्येक टाकं सातवाहनांचं ठरत नाही. घावांवरून शतक सांगता येत नाही.

एखादं टाकं गाळाने भरलेलं असतं. टेपचं टोक तळाला न टेकता रुततं. वहीत लिहायचं: ‘खोली, गाळापर्यंत’. टेप पुसायची आणि पुढच्या टाक्याकडे निघायचं.