गव्हाच्या आधी ज्वारी
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: गावातली पिठाची गिरणी. सकाळ. भिंतीला लागून डब्यांची रांग.]

वीज असली तर गिरणी सकाळी लवकर सुरू होते. त्याच्याही आधी डब्यांची रांग लागलेली असते. कुणाचे गहू, कुणाची चण्याची डाळ, एखाद्याची ज्वारी. वर्धा जिल्ह्यातल्या या गावात रांगेतला पहिला डबा मात्र ठरलेला आहे. तो एका नववीतल्या मुलीच्या घरचा, कारण सिलिॲक नावाच्या आजारामुळे तिला गव्हाचा कणही चालत नाही. तिचं नाव आपण घेणार नाही, तिनंच तसं सांगितलंय.

"भाऊ, गव्हाच्या अगोदर आमची जवारी टाकसान ना?"

"तुमचीच टाकतो वहिनी. रात्रीच झाडून ठेवली गिरणी."

झाडून ठेवली म्हणजे काय, ते जवळून पाहू. दगडाच्या कडेला चिकटलेलं पीठ ब्रशनं खरवडून काढलेलं असतं. पीठ बाहेर पडतं त्या तोंडाला जी कापडी नळी बांधतात, ती नुसती झटकून भागत नाही, कारण कापडाच्या विणीत गव्हाचं पीठ बसलेलं असतं. म्हणून या आईनं स्वतःची वेगळी नळी शिवली आहे. दळणापुरती बांधायची, सोडायची, घरी न्यायची. मग आधी थोडी ज्वारी दळून ते पीठ बाजूला काढायचं. ते गाईच्या आंबोणात जातं. त्यानंतर पडणारं पीठ मुलीचं.

एवढं करूनही पूर्ण खात्री नसतेच. घरघंटी घेणं हा खरा उपाय, आणि हे घर त्यासाठी पैसे बाजूला टाकतंय. तोवर गिरणीवाल्याचा शब्द हाच आधार. त्यानं तो आजवर मोडलेला नाही.

[दृश्य: परातीत भाकर थापणारे हात.]

मुलीला सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळून ठेवली की तिला ताण येतो, पोळी पातळ लाटली तरी फाटत नाही, ते याच्यामुळे. ज्वारीत ते नसतं, म्हणून भाकर थापावी लागते. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतून मखमलीच्या तंतूंसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व शोषून घेण्याचं काम त्यांचं. ते झिजून सपाट होतात. मग ताटात कितीही वाढा, अंगी लागत नाही.

पोरीच्या अंगी लागत नाही, हे वाक्य या घरानं कितीतरी वर्षं ऐकलं. अंगणवाडीत वजन कमी. शाळेत रांगेत सगळ्यात पुढे, कारण उंची वाढेना. पोट फुगलेलं, हातपाय बारीक, अधूनमधून जुलाब. जंताचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, हिमोग्लोबिन तिथल्या तिथेच. विदर्भात असं रक्त कमी असलेलं मूल दिसलं की सिकलसेलची शंका घेतात, आणि ती घ्यायलाच हवी, कारण गडचिरोली-गोंदियापासून नागपूरपर्यंत हा आजार अनेक कुटुंबांत आहे. सिकलसेल निघाला नाही. पोटाचा क्षय आहे का तेही पाहिलं. दृष्ट काढून झाली, ताईत बांधून झाला. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली. पुढे मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला, आणि आजाराचं नाव कळलं.

लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही ज्याचं रक्त वाढत नाही, अशा प्रत्येक मुलामागे हा एक प्रश्न विचारला जावा, असं हा माहितीपट करताना आम्हाला फार वाटलं. उंची न वाढणं, सतत तोंड येणं, पाळी उशिरा सुरू होणं, हाडं ठिसूळ होणं, कधी वारंवार गर्भपात, यांच्या मुळाशी सिलिॲक असू शकतो. काहींना जुलाब होतच नाहीत, उलट बद्धकोष्ठ असतं. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असल्याचं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं, आणि भातखाऊ दक्षिणेत त्याहून कितीतरी कमी. विदर्भ या दोन्हींच्या मध्ये. वऱ्हाडात आता पोळी रोजची, भंडारा-गोंदियाकडे अजून भात.

गव्हाचा संबंध लक्षात आला तो हॉलंडमध्ये. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथं दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. आजूबाजूचे लोक उपाशी असताना त्यांच्याकडची ही आजारी मुलं मात्र सुधारत होती, आणि विमानांतून पाव आल्यावर पुन्हा खालावली. गहू बंद करून मुलं बरी होतात का, हे डिके युद्धाच्या आधीपासून पाहत होते. 1950 मध्ये त्यांनी ते प्रबंधात मांडलं. त्यानंतर या आजारावर औषध म्हणून आजही एकच गोष्ट आहे: ग्लूटेन पूर्ण बंद, जन्मभर.

[दृश्य: मंदिरासमोरचा भंडारा. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे.]

पूर्ण म्हणजे किती पूर्ण, हे गावाला समजावणं हेच सगळ्यात अवघड.

गव्हावाचून इथं कार्य होत नाही. लग्नात पुऱ्या, सत्यनारायणाला रव्याचा शिरा, उन्हाळी वाळवणात शेवया, सरगुंडे, कुरडया. भंडाऱ्याला रोडगे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा राख झटकून, फोडून तुपात बुडवायचा आणि वर वांग्याची रस्सेदार भाजी. ज्यानं खाल्लंय त्याला वेगळं सांगायला नको. पंगतीत वाढणारा पोरगा एका हातानं रोडगा फोडतो आणि त्याच हातानं भात वाढतो. तो भात मग या मुलीला चालत नाही. हे त्या पोराला कसं सांगणार? आणि तिनं ताट बाजूला सारलं की शेजारच्या काकाजींना वाटतं, पोरगी अन्नाला नाव ठेवते.

"देवाचं आहे व माय, खाऊन घे. एवढ्याशानं काय होते?"

काय होतं, ते मोजून झालेलं आहे. रोज 50 मिलीग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. एका पोळीत ग्लूटेन असतं काही ग्रॅम. म्हणजे पोळीचा नखाएवढा तुकडाही रोज गेला तर पुरे. त्रास लगेच दिसेलच असं नाही, आतली झीज चालू राहते. म्हणून सगळ्यांसमोर प्रसाद नाकारण्याचं धैर्य या मुलीला रोजच्या रोज गोळा करावं लागतं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीनं, आणि तेही देवळात! आम्हाला ते सोपं वाटत नाही.

तिच्यासाठी पहिली वाट काढली ती गावच्या गुरुजींनी. आता ते शिऱ्याला हात लावण्याआधी तिच्या हातावर खडीसाखर आणि केळं ठेवतात. लग्नाला जाताना घरून भाकर जाते, आणि मांडवात वाढप सुरू होण्याआधी तिच्यापुरता भात आणि साधं वरण वेगळ्या डब्यात काढून ठेवतात. साधं वरण म्हणजे हिंगाची फोडणी पडण्याआधीचं.

हिंगाचं कुणाच्या ध्यानातच येत नाही. किराणा दुकानात डबीत मिळतो तो शुद्ध हिंग नसतो. हिंगाचा चीक फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो बांधतात, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, डबीवरचं बारीक अक्षर वाचावं लागतं. निदान झाल्यावर पोळी बंद, बिस्किटं बंद, आणि तरी महिनोन् महिने त्रास थांबत नाही, अशा घरांत डॉक्टर आधी हिंग आणि तयार मसाले विचारतात. तसंच ते सातूचं पीठ. आपल्याकडे त्यात गहू असतो, नाहीतर जव. माल्ट घातलेली, दुधात ढवळायची पावडर जवाची. समोश्यांच्या कढईत तळलेली बेसनाची भजी चालत नाहीत. आणि "खपली चालतो, जुना गहू आहे" असं सांगणारे हल्ली बरेच भेटतात. नाही चालत. खपली, बन्सी, शरबती, सगळ्यांत ग्लूटेन आहे.

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहिता येतं. अशी पाकिटं नागपुरात मिळतात, महाग मिळतात. गावच्या दुकानात ती नाहीत, आणि या घराला त्यांची फारशी गरजही पडत नाही. कारण घरात आजी आहे.

[दृश्य: चुलीजवळ आजी. मडक्यात आंबील.]

आजीच्या लहानपणी पोळी सणाची आणि पाहुण्याची. रोज ज्वारीचीच भाकर. तिला ज्वारीच्या कण्या येतात, कळण्याची भाकर येते, आंबील येते, ज्वारीच्या पिठाची खमंग उकडपेंडी येते. नातीला पोळी बंद सांगितल्यावर घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तेव्हा आजी म्हणाली, "मंग भाकर खाईन. त्यात रडाले काय झालं?" उपवासाचं तर सगळंच चालतं: भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा. फक्त पिठं विकतची आणायची नाहीत, धान्य निवडून घरीच दळायचं. पोळ्याला पुरण वाटीत, वर तूप.

दुधाची गोष्ट वेगळी. आतडं झिजलेलं असताना दुधातली साखर पचवणारं द्रव्यही कमी पडतं, म्हणून सुरुवातीला तिला दुधानंही पोटात गुडगुड व्हायची. दही आणि ताक सोसायचं, कारण विरजणात ती साखर बरीचशी कमी झालेली असते. आतडं भरून आलं तसं थोडं थोडं दूधही जमायला लागलं.

ज्यांना एकापेक्षा जास्त पदार्थ सोसत नाहीत, त्यांचं दुखणं मात्र नेहमी इतकं सरळ नसतं. याच तालुक्यात काळी-पिवळी चालवणारे एक काका आहेत. पोळी खाल्ली की पोट फुगतं, तुरीच्या वरणानं फुगतं, कांद्यानं, चण्यानं, दुधानंही. सिलिॲकची तपासणी केली, नाही निघाला. म्हणजे त्यांना काहीच होत नाही असं नव्हे. गहू, कांदा आणि लसणात एक प्रकारची कर्बोदकं असतात, डाळींमध्ये दुसऱ्या प्रकारची. काहींच्या लहान आतड्यात ती पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू धरतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं यावर बरंच काम केलं आहे. त्यातलं आपल्या चुलीवर उतरणारं असं: डाळ भिजवून ते पाणी फेकायचं, तुरीऐवजी मुगाचं वरण करून पाहायचं, कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची हिरवी पात घ्यायची. लसणाच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकल्या तर वास तेलात राहतो आणि बाधणारा भाग पाकळीबरोबर जातो, कारण तो तेलात विरघळत नाही.

काकांनी आधी एका लॅबमध्ये भरपूर पैसे मोजून तपासणी केली होती. त्यांच्या हातात न खाण्याच्या पदार्थांची लांबलचक यादी आली, आणि घाबरून ते भात-मिठावर आले. वजन उतरलं. रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवरून न सोसणारे पदार्थ ठरवणाऱ्या अशा तपासण्यांवर विसंबू नये, असं जगभरातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. आहारतज्ज्ञांनी त्यांना शिकवली ती जुनीच रीत. काही आठवडे संशयातले पदार्थ बंद, मग एकेक परत आणायचा आणि वहीत लिहायचं. काकांची वही गाडीच्या डॅशबोर्डवर असते. कळलं ते असं, की दही सोसतं, थोडी तूर सोसते, पोळी एखादी चालते, कच्चा कांदा मात्र बिलकुल नाही. त्यांचं ताट पुन्हा भरलं. मुलीला हे स्वातंत्र्य नाही, तिला एखादी पोळीही नाही. हा फरक तपासणीशिवाय कळत नाही. आणि ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं खाल्ल्याबरोबर झालं तर ती ॲलर्जी. तिथं प्रयोग करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

[दृश्य: सोयाबीनचं वावर. धुऱ्याकडे ज्वारीची काही तासं.]

आता ज्वारीचं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं. कायद्यात भरडधान्यही आहे, पण दुकानात येतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. मुलीच्या वाट्याचे गहू तिच्या कामाचे नाहीत. ज्वारी बाजारातून विकत आणावी लागते, तर वावरात का नाही? मुलीचे वडील बोटं मोजत कारणं सांगतात. रानडुकरं रात्रीतून पीक लोळवतात, जागल करावी लागते. पाखरं कणसावर बसतात. दाणा भरताना पाऊस आला की ज्वारी काळी पडते. सोयाबीनचे पैसे लवकर होतात. तरी त्यांनी धुऱ्याकडची काही तासं ज्वारीला दिली आहेत. कडबा गाईला होतो. सिलिॲकचं निदान झालेल्या माणसाच्या रेशनकार्डावर गव्हाऐवजी ज्वारी मिळावी, एवढी एक सोय झाली तर या घराचा अर्धा घोर मिटेल, आणि ती मागणी आम्हाला शंभर टक्के रास्त वाटते.

मुलीची उंची आता वाढते आहे. हिमोग्लोबिनही वर आलंय.

तिला एक धाकटा भाऊ आहे. हा आजार रक्ताच्या नात्यात जास्त आढळतो. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात शंभरात साधारण सात-आठ जणांना. म्हणून डॉक्टरांनी त्याचीही टीटीजी करायला सांगितली आहे. आईला वाटलं होतं, आजपासूनच त्याचीही पोळी बंद करावी. पण तपासणीआधी गहू सोडला तर रक्तात खूण सापडत नाही आणि आजार असूनही नाही असा अहवाल येऊ शकतो. त्यामुळे रक्त देईपर्यंत त्यानं पोळी खायची आहे. त्याच्यासाठी पोळ्या होतात. परात वेगळी, तवा वेगळा, आणि ताईची भाकर झाकून फळीवर ठेवल्यानंतरच.