गंजीत घातलेला हात

(दृश्य: विदर्भातल्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी (बी) आणि रुई (तंतू) वेगळी करणाऱ्या कारखान्याचं आवार. कापसाची उंच गंजी, पलीकडे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर.)

वरून ही गंजी थंडगार दिसते. हात कोपरापर्यंत आत घाला. ऊब लागली, तर ओळखायचं, माल ओला आहे. दवात वेचलेल्या कापसातली सरकी श्वास घेत राहते, बुरशी धरते, आणि गंजी आपली आपणच तापते. मग रुई पिवळी पडते. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत पूर्ण हमीभाव मिळतो तो 8 टक्के ओलाव्यापर्यंत; त्यापुढे भाव कापला जातो, आणि 12 च्या वर खरेदीच नाही.

मग उन्हात खडखडीत वाळवावा?

(दृश्य: रेच्यातून, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रातून सुटणारी रुई, जवळून.)

तेही नको. तंतूतलं थोडं पाणी त्याला लवचीक ठेवतं. ओला कापसाचा धागा कोरड्यापेक्षा मजबूत असतो, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. ओलावा 6 टक्क्यांखाली गेला, की सरकीपासून ओढताना तंतू तुटू लागतात आणि लांबी घटते. अमेरिकेत यंत्रानं वेचलेला कापूस गरम हवेच्या ड्रायरमधून जातो. तिथंही हवा 177 अंश सेल्सिअसपुढे नेऊ नये, असा दंडक आहे. आपल्याकडे वेचणी हातानं, आणि ड्रायर म्हणजे अंगणातलं ऊन.

त्यात फरदडीचा (हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाचा), कवडीचा (अर्धवट उमललेल्या, किडक्या बोंडांचा) माल असेल, तर तंतूची भिंत आधीच पातळ. तो पहिला तुटतो.

उष्णता लपलेला दोषही पकडते. मावा आणि पांढरी माशी बोंडावर गोड चिकटा सोडतात. डोळ्यांना तो सहसा दिसत नाही, पण सूतगिरणीत यंत्राच्या रुळांना चिकटतो. म्हणून प्रयोगशाळेत रुईचा पातळ थर ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांत ठेवून गरम दाबतात, आणि पत्र्याला चिकटलेले ठिपके मोजतात.

(दृश्य: काडीची ज्योत, रुईचा पेळू.)

ज्योतीत धरलं, की नायलॉन वितळून गोळी होते. कापूस वितळत नाही. जळक्या कागदासारखा वास, चिमटीत विरणारी करडी राख.

पण 170 किलोच्या दाबलेल्या गाठीत ठिणगी शिरली, तर ना ज्योत, ना धूर. ती आत दिवसच्या दिवस धुमसते. वरून पाणी मारलं तरी गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आग विझल्यावरही त्या गाठी गोदामात घेत नाहीत. उघड्यावर, एकमेकींपासून लांब ठेवतात, आणि रात्री कुणीतरी जागं राहतं.