चार वाजता शटर

(दृश्य: लक्ष्मी रस्ता, पुणे. ओळीनं बंद शटर.)

हा पुण्याचा लक्ष्मी रस्ता. एप्रिल २०२१, सकाळचे साडेअकरा. लग्नसराईत या वेळी इथं पाय ठेवायला जागा नसते. एका नवरीमागं दहा माणसं बस्ता बांधायला येतात. पायरीवर चपलांचा ढीग पडतो आणि आत गादीवर एकामागून एक शालू उलगडले जातात. आज पायरीवर दुकानदार एकटाच बसलाय. कुलपाची किल्ली त्याच्या हातात आहे आणि कुलूप उघडायची परवानगी नाही.

(दृश्य: त्याच रस्त्यावरचं उघडं किराणा दुकान. बाहेर रांग.)

चार पावलांवरचं हे दुकान मात्र चालू आहे. इथं डाळ-तांदूळ मिळतात, म्हणून ते 'अत्यावश्यक'. साड्यांचं दुकान त्या यादीत नाही. पुढचे चार महिने महाराष्ट्रात दुकानांवरून जो वाद पेटला, तो या एका शब्दाभोवती फिरत राहिला. करोना खरा की खोटा, हे या बाजारातला माणूस विचारत नव्हता. तो विचारत होता, मी अनावश्यक कधी झालो?

(दृश्य: गुढीसाठीच्या साखरेच्या गाठी, कडुनिंबाच्या डहाळ्या.)

या रागाला आधीच्या वर्षाची पार्श्वभूमी आहे. २०२० चा गुढीपाडवा आला २५ मार्चला. आदल्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि पाडवा हाच तिचा पहिला दिवस ठरला. पाठोपाठ अक्षय्य तृतीया गेली, सगळी लग्नसराई गेली. तेव्हा फारशी तक्रार झाली नाही. पुढं सप्टेंबरमध्ये तर अनेक शहरांत आणि तालुक्याच्या गावांत व्यापाऱ्यांनी स्वतःहून जनता कर्फ्यू पुकारला. व्यापाऱ्याला फक्त गल्ला दिसतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

(दृश्य: दुकानासमोरची पांढरी वर्तुळं. दाराला बांधलेली दोरी.)

ही वर्तुळं नीट बघा. चुन्यानं काढलेली, प्रत्येक पावसानंतर पुन्हा गिरवलेली. ५ जून २०२० पासून राज्यात बाजार उघडले, ते एक दिवसाआड. आज रस्त्याची ही बाजू, उद्या ती. याला 'पी-वन, पी-टू' म्हणत. कोपऱ्यावरच्या दुकानाची बाजू कोणती, यावरूनही वाद व्हायचे. कापड दुकानात कपडे घालून बघायची खोली बंद. विकलेला कपडा बदलून द्यायला बंदी. बाळाचं झबलं लहान निघालं तरी परत घ्यायचं नाही. केशकर्तनालयं २८ जूनला उघडली, पण केस कापायला मुभा, दाढीला नाही. ऑगस्टमध्ये हा एक दिवसाआडचा नियम संपला. हॉटेलात बसून खायला ५ ऑक्टोबर उजाडावा लागला, तेही निम्म्या खुर्च्यांवर. मंदिरं उघडली दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला.

हा सगळा तपशील आम्ही मुद्दाम सांगतोय. प्रत्येक नियमासोबत दुकानदारानं काहीतरी विकत आणलं, लावलं, रंगवलं. सॅनिटायझरचं स्टँड, ताप मोजायची बंदूक, काउंटरवरची प्लॅस्टिकची भिंत. हे सगळं स्वतःच्या खिशातून. मग २०२१ च्या पाडव्यासाठी माल भरला. उधारीवर, नेहमीसारखा.

(दृश्य: दुकानातले न उघडलेले गठ्ठे.)

४ एप्रिल २०२१, रविवार. मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून नवे निर्बंध लागले. शनिवार-रविवार पूर्ण बंद, असं सांगितलं गेलं. त्यामुळं बाकीचे पाच दिवस दुकान चालणार, असं अनेकांनी धरलं. आदेश वाचल्यावर कळलं, अत्यावश्यक सोडून बाकी सगळं ३० एप्रिलपर्यंत रोजच बंद. पाडवा होता १३ एप्रिलला. हे गठ्ठे त्याच पाडव्याचे.

(दृश्य: लक्ष्मी रस्त्यावर हातात फलक घेऊन उभी असलेली माणसं. मास्क लावलेले, एका ओळीत.)

त्याच आठवड्यात पुण्याचे व्यापारी रस्त्यावर उतरले. मुंबई, नाशिक, नागपूर, सगळीकडे हेच चित्र. या साखळीत उभी असलेली माणसं आयुष्यात पहिल्यांदा फलक हातात धरतायत. कसा धरायचा, हे शेजाऱ्याकडं बघून ठरवतायत. त्यांचं म्हणणं असं होतं: आमच्या दुकानात एका वेळी दोन गिऱ्हाइकं येऊ द्या, वेळ ठरवून द्या, तपासणी करा, पण शटर पूर्ण बंद करायला लावू नका. निर्बंध नकोत, असं कुणी म्हणत नव्हतं.

(इथे निवेदन थांबतं. माणसांचे चेहरे, नैसर्गिक आवाज.)

१४ एप्रिलला निर्बंध आणखी कडक झाले. संचारबंदी आली. सोबत मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणीकृत फेरीवाल्यांना, बांधकाम कामगारांना प्रत्येकी दीड हजार रुपये. शिवभोजन थाळी महिनाभर मोफत. ही मदत गरजेचीच होती. पण दुकानदाराच्या नावापुढं काहीच नव्हतं, आणि त्याच्याकडं कामाला असलेल्या पोराच्या नावापुढंही नव्हतं. पहिल्या लाटेत रिझर्व्ह बँकेनं कर्जाच्या हप्त्यांना सहा महिने सवलत दिली होती. दुसऱ्या लाटेत तशी सरसकट सवलत नव्हती.

अत्यावश्यकच्या यादीत पावसाळ्याच्या तयारीचं सामान विकणारी दुकानं बसली. छत्री आणि ताडपत्री लागतेच, मान्य. मग अप्पा बळवंत चौकातलं वहीचं दुकान? शाळेचा वर्गही याच पावसाळ्यात मोबाइलवर भरणार होता. दारू घरपोच मिळत होती, वही मिळत नव्हती. २० एप्रिलला किराण्याची वेळ सकाळी सात ते अकरा झाली. दिवसभराची गर्दी चार तासांत कोंबली, तर माणसं जवळ येतील की लांब जातील? हा प्रश्न व्यापाऱ्यांनी पत्रांतून, निवेदनांतून पुन्हा पुन्हा विचारला.

(दृश्य: रात्रीचा रिकामा रस्ता. रुग्णवाहिकेचा आवाज दूर जातो.)

दुसरी बाजूही सांगायला हवी. १८ एप्रिलला, एका दिवसात, राज्यात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. खाटा नव्हत्या, ऑक्सिजन नव्हता. डॉक्टर म्हणत होते, लोकांना घरात थांबवा. रुग्णालयात आम्हाला कॅमेरा नेता आला नाही.

(दृश्य: जुन्या कायद्याचं पान.)

दुकानं बंद करायचा अधिकार येतो कुठून? २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहेच, पण त्याच्या जोडीला होता १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला, मूळचा अवघ्या चार कलमांचा. सरकारला अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, अंमल करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण. पुण्यानं त्याच वर्षी प्लेगसाठी नेमलेल्या इंग्रज अधिकारी रँडच्या काळातल्या घरझडत्या पाहिल्या. सव्वाशे वर्षं उलटली, आणि ज्याचं दुकान बंद केलं त्याला भरपाई द्यायलाच हवी, असं त्या कायद्यात आजही कुठं लिहिलेलं नाही.

(दृश्य: जूनचा पाऊस. अर्धी उघडी शटर.)

७ जूनपासून राज्याचे पाच स्तर झाले. बाधितांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील, तर स्तर एक. पुढं आकडा चढेल तसा स्तर चढणार. दर आठवड्याला आकडा बघायचा आणि आपलं दुकान किती वाजेपर्यंत, ते ठरवायचं. व्यापाऱ्यांना हे पटलं होतं, कारण निदान मोजमाप तरी होतं. २५ जूनला नवा आदेश आला: कोणताही जिल्हा स्तर तीनच्या खाली जाणार नाही. म्हणजे आकडा कितीही सुधारला तरी शटर दुपारी चारला खाली. नोकरदार माणूस कार्यालयातून सुटतो सहाला. दुकान चारला बंद होणार असेल तर त्यानं खरेदी करायची कधी?

(दृश्य: "दुकान दुपारी ४ पर्यंत चालू" असा काचेवर चिकटवलेला कागद. नंतर रिकामे गाळे.)

या काळात काही गाळे रिकामे झाले. हा एक. हा दुसरा.

(दृश्य: ३ ऑगस्ट. दुकानांपुढं घंटा वाजवणारे व्यापारी.)

ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली. ११ जिल्हे वगळले, त्यात पुणं होतं. ३ ऑगस्टला लक्ष्मी रस्त्यावर घंटानाद झाला. देवघरातल्या घंटा, शाळेतल्यासारखे टोल, पितळी ताटं. हा आवाज आम्ही कापलेला नाही, जेवढा झाला तेवढा ठेवलाय.

(घंटानाद, पूर्ण.)

त्यानंतर चार वाजले तरी शटर खाली आलं नाही. गुन्हे दाखल होतील हे ठाऊक असूनही या लोकांनी संध्याकाळी सातपर्यंत दुकान चालू ठेवायचं ठरवलं. रविवारी, ८ ऑगस्टला, पालकमंत्र्यांनी पुण्यासाठी रात्री आठची वेळ जाहीर केली.

(दृश्य: ९ ऑगस्ट, संध्याकाळ. दिवे लागलेलं साड्यांचं दुकान.)

एप्रिलमध्ये पायरीवर बसलेला दुकानदार हाच. पाडव्याचे गठ्ठे आज सुटतायत. घड्या पडल्यात, म्हणून गडी एकेक साडी झटकून पुन्हा नीट करतोय. समोर मायलेकी बसल्यात. लग्न साधंच करायचं ठरलंय, त्यामुळं बस्ता लहान आहे. तीन साड्या, एक शालू. काचेवरचा 'दुपारी ४ पर्यंत'चा कागद मालक नखानं खरवडून काढतोय. तो पूर्ण निघत नाही.