रिकामं कपाट आणि चार गोळ्या

नमस्कार, श्रोतेहो.

आरोग्य केंद्राची खिडकी. एक आई मानसिक आजार असलेल्या मुलाची घड्या पडलेली चिठ्ठी आत सरकवते. आतला माणूस कपाट उघडून बघतो. "ही गोळी संपलीय, पुढच्या आठवड्यात या." पुढचा आठवडा म्हणजे पुन्हा गाडीभाडं, पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडाली. घरी स्ट्रिपमध्ये चारच गोळ्या उरल्यात. ती त्या एक दिवसाआड द्यायला लागते. काटकसर म्हणून बरोबर, औषध म्हणून घातक. मनाचे टोकाचे चढउतार सावरणारी लिथियमसारखी गोळी अचानक बंद झाली, तर आजार उसळी मारून परत येऊ शकतो.

आपल्याला वाटतं, ही औषधं नवी आणि महागडी असणार. तसं नाही. भास-भ्रमांवरचं क्लोरप्रोमाझिन 1952 पासून मनोरुग्णांना दिलं जातंय. जागतिक आरोग्य संघटनेनं 1977 मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली यादी केली, तेव्हाच त्यात ते होतं, त्याच कामाचं हॅलोपेरिडॉलही होतं. लिथियम तर साधा क्षार, त्याचं पेटंट कुणाकडेच नाही.

मग अडतं कुठे? माझ्या मते, बऱ्याचदा मागणीपत्रकात. गेल्या वर्षी जेवढा खप, तेवढी यंदाची मागणी, असा हिशोब असतो. पण कपाटच सहा महिने रिकामं असेल तर खप दिसणार कुठून? कागद म्हणतो, इथे गरज कमी आहे. पुढच्या वर्षी आणखी कमी गोळ्या येतात. म्हणून गोळ्या नव्हे, माणसं मोजा. किती जणांचं औषध चालू आहे, कोण गेल्या महिन्यात आलंच नाही, हे वहीत असलं की मागणी आपोआप खरी होते.

दुसरं, दर वेळी मनोविकारतज्ज्ञच कशाला हवा? साध्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवून हे उपचार गावाजवळ देता यावेत, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये खास कार्यक्रमच सुरू केला. स्थिरावलेल्या रुग्णाला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर निम्म्या खेपा वाचतात. मात्र ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, त्याच्या हाती एवढा साठा देऊ नये. आणि लिथियम द्यायचं तर रक्ततपासणीची सोय हवीच, ती नसताना नुसत्या गोळ्या पोचवण्यात अर्थ नाही.

औषधानं हात थरथरतात, अंग आखडतं म्हणूनही काही जण ते सोडतात. श्रोतेहो, आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना तसं सांगा. डोस बदलता येतो.

आणि स्ट्रिपमध्ये आठवड्याच्या गोळ्या उरल्या असतानाच खिडकीशी जा. "संपलीय" म्हणाले, तर तिथून तसंच वळू नका. रुग्णाचं नाव वहीत लिहायला लावा आणि तोवर काय घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारूनच निघा.

नमस्कार.