पन्नास तास आणि तेरा हजार तास

जून 2000 मध्ये आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी सांभाळत होतो. प्रशिक्षणात सांगितलं, आधी मुलांना इंग्रजी ऐकू द्या, बोलू द्या. मला ते पटलंही. पण सोमवारी वर्गात गेलो आणि फळ्यावर एबीसीडी लिहिली. पाचवीत माझ्या गुरुजींनी तशीच लिहिली होती, आणि माझा हात आपोआप तिकडेच वळला.

डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1975 साली या प्रकाराला निरीक्षणातली उमेदवारी म्हटलं, म्हणजे विद्यार्थी असताना शिक्षकांना बघत बघतच शिकवणं अंगवळणी पडणं. शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे 13,000 तास शिक्षकांसमोर काढतो, हा त्याचा हिशेब. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान 50 तास सांगितले आहेत. आता तुम्हीच बघा, आपली झुंज कशाशी आहे!

भाषेच्या शिक्षकाचं आणखी एक दुखणं असतं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. गणितात चुकलो तर उत्तर पुसून पुन्हा लिहिता येतं. इंग्रजी बोलताना चुकलो की आपण स्वतःच उघडे पडल्यासारखं वाटतं. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एक बाई मराठीत गोष्ट सांगायला लागल्या की चौथीची पोरंसुद्धा पहिलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. इंग्रजीच्या प्रशिक्षणात मात्र त्या शेवटच्या रांगेत गप्प. डी.एड.ला असताना त्यांच्या उच्चारांना सगळा वर्ग हसला होता, हे त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. सुलभकाच्या, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्याच्या, अहवालात त्यांची नोंद ‘प्रतिसाद कमी’ अशी झाली होती. त्या नोंदीचं मला आजही वाईट वाटतं. त्या बोलत्या झाल्या त्या पाच-सहा जणींच्या गटात. तिथं सगळ्याच चुकत होत्या आणि हसणारं कुणी नव्हतं.

आधी शिक्षकाचं मत बदला, मग वर्ग बदलेल, असं आपण धरून चालतो. अमेरिकी शिक्षण-अभ्यासक थॉमस गस्की यांनी 1986 मध्ये हा क्रम उलटा मांडला: शिक्षक काहीतरी करून बघतो, मुलांमध्ये फरक दिसतो, आणि मग त्याचा विश्वास बसतो. माझं अगदी असंच झालं. प्रशिक्षणातला आज्ञांचा खेळ मी अर्ध्या मनानं घेतला होता, ‘टच युवर नोज, सिट डाऊन’ वगैरे. चार दिवसांनी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली आणि मलाच म्हणाली, ‘सर, सिट डाऊन!’ मी बसलो. मग म्हणाली, ‘स्टँड अप!’ मी उठलो. वर्गानं नुसता कल्ला केला. त्या दिवसापासून पहिल्या महिन्यात फळ्यावर एबीसीडी लिहिणं मी सोडलं.

म्हणून आता मी सुलभक म्हणून उभा राहतो, तेव्हा पहिला तास घटकाला देत नाही. प्रत्येकाला विचारतो, तुम्ही इंग्रजी कुणाकडे शिकलात, आणि तेव्हा कसं वाटायचं? कधी कधी त्यातच दुपार होते. नियोजनात ते बसत नाही, पण मी तो वेळ घेतोच.